डिझेल लोको मॉडेलचं डिटेलिंग आणि वेदरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधले आणि आजूबाजूचे मॉडेलवाले हे प्रश्न सारखे विचारतात, कोणी फोनवर, कोणी भेटल्यावर, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. डिटेलिंग म्हणजे मॉडेलवर बारीक भाग बसवणं, आणि वेदरिंग म्हणजे धूळ, ऑइल, ऊन-पावसाचा परिणाम रंगाने दाखवणं. बहुतेक उत्तरं एचओ स्केल (खऱ्याच्या ८७ पट लहान) आणि आपली अल्को इंजिनं (अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या डिझाइनची डिझेल इंजिनं) धरून आहेत, म्हणजे डब्ल्यूडीएम-२, ३ए, ३डी आणि डब्ल्यूडीजी-३ए. दुसरं स्केल असेल तर मापं बदलतील, बाकी सगळं तसंच.

सुरुवात कुठून करू? आधी डिटेलिंग, आधी रंग की आधी वेदरिंग?

आधी इंजिन निवडा. "डब्ल्यूडीएम-२ करतोय" एवढ्याने भागत नाही, कुठल्या शेडचं, कुठला नंबर आणि साधारण कुठल्या वर्षातलं हे ठरलं पाहिजे. १९६२ पासून अमेरिकेहून आलेली आणि १९६४ पासून वाराणसीच्या डीएलडब्ल्यूमध्ये (डिझेल इंजिनांचा कारखाना) तयार झालेली ही इंजिनं पुढची कितीतरी दशकं चालली, त्यात कुणाला एअर ब्रेक नंतर बसवले, कुणाचा मोठा एकटा हेडलाइट काढून ट्विन बीम (जोडदिवा) लावला, कुणाला वरती पिवळा फ्लॅशर आला, कुणाच्या खिडक्यांवर दगडांपासून वाचायला जाळ्या चढल्या. काही तर पूर्ण रुंदीच्या शॉर्ट हूडची (हूड म्हणजे कॅबच्या पुढची-मागची पेटी, एका बाजूची आखूड, दुसरीकडची लांब), ज्यांना जंबो म्हणतात. हे सगळं एकाच मॉडेलवर जमा केलं की असं इंजिन तयार होतं जे कधी रुळावर नव्हतंच. एक नंबर धरा, त्याचे मिळतील तेवढे फोटो गोळा करा, आणि मग कटर हातात घ्या.

फोटोत नेमकं काय बघायचं?

सगळ्यात आधी पीओएचची, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या ओव्हरहॉलची तारीख. इंजिनाच्या अंगावर बारीक अक्षरात स्टेन्सिलने लिहिलेलं असतं, कुठल्या वर्कशॉपला ओव्हरहॉल झालं आणि कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी. आपल्या मध्य रेल्वेच्या डिझेल इंजिनांची पीओएच परळला व्हायची. ती तारीख आणि फोटो काढल्याची तारीख यात किती अंतर आहे यावर तुमचं सगळं वेदरिंग ठरतं. पीओएचमधून बाहेर पडून दोन महिने झालेलं इंजिन म्हणजे अंगाला चकाकी, फक्त बोगीवर (चाकांच्या सांगाड्यावर) धूळ, धुराड्याभोवती थोडी काजळी. पाच-सहा वर्षं झालेल्या इंजिनाचा मरून गुलाबीकडे झुकलेला असतो, छत काळं ठिक्कर, दारांखाली ऑइलचे ओघळ. लोक वॉशच्या (खूप पातळ केलेल्या रंगाच्या) बाटल्या घेऊन बसतात आणि ही तारीख बघतच नाहीत. माझ्या मते वेदरिंगमधली निम्मी अक्कल या एका ओळीत आहे.

त्यानंतर बघा की घाण कुठे आहे आणि *का* आहे. प्रत्येक डागाला कारण असतं. कारण सापडलं नाही तर तो डाग मॉडेलवर टाकू नका.

पण आता नाशिकरोडला डिझेल दिसतंय कुठे? रेफरन्स आणायचा कुठून?

खरंय, मेन लाइनवर आता सगळं वायरखाली, म्हणजे विजेवर. पूर्वी मनमाडला जाऊन उभं राहिलं की पोट भरायचं, नांदेडकडच्या कितीतरी गाड्यांचं इंजिन तिथे बदलायचं, दौंडकडची लाइनही डिझेलवर होती. आता जुने फोटोच कामाचे. घरातले जुने अल्बमसुद्धा चाळा, लग्नाला किंवा शिर्डीला निघालेल्या कुटुंबाच्या प्लॅटफॉर्मवरच्या फोटोत मागे उभं इंजिन कधी कधी अप्रतिम सापडतं, आणि १९८०-९० मधला कलर प्रिंट असेल तर सोन्याहून पिवळं. फक्त जुन्या प्रिंटचे रंग स्वतःच उडालेले असतात, त्यामुळे शेड ठरवायला तो फोटो वापरू नका, डागांच्या जागा बघायला वापरा.

दिल्लीच्या नॅशनल रेल म्युझियममध्ये १८०४० नंबरचं डब्ल्यूडीएम-२ ठेवलंय. रिव्हेट, बिजागऱ्या, पायऱ्या, पाइप हे सगळं जवळून बघायला एकदम बेस्ट. वेदरिंगसाठी मात्र उपयोग नाही, म्युझियमचा रंग हा म्युझियमचाच असतो.

आणि कुठे चालू इंजिन दिसलंच तर प्लॅटफॉर्मवरूनच बघा. फोटो काढायचा असेल तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा. रुळात उतरायचं नाही, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वरती २५ हजार व्होल्टची वायर आहे, त्यामुळे पुलावरून सेल्फी स्टिक खाली सोडणं वगैरे अजिबात नाही.

मापं कशी काढायची?

एचओ म्हणजे १:८७. खऱ्या मापाला ८७ ने भागा. डब्ल्यूडीएम-२ बफरसकट १७.१२ मीटर, म्हणजे मॉडेल जवळपास १९७ मिमी. रुंदी २८६४ मिमी, म्हणजे ३३ च्या आसपास. नवीन चाक १०९२ मिमी व्यासाचं, म्हणजे साडेबारा मिमी.

हे उलटंही करून बघत जा, डोळे उघडतात. मॉडेलवरची १ मिमी जाडीची हँडरेल म्हणजे खऱ्या इंजिनावर ८७ मिमीचा पाइप, कोणाच्या मुठीत मावणार तो? आणि बहुतेक रेडीमेड हँडरेल अशाच जाड असतात.

ब्रॉडगेजचं काय? एचओचा ट्रॅक तर १६.५ मिमी आहे

बरोबर, १६.५ मिमी हे स्टँडर्ड गेजचं माप झालं. आपलं १६७६ मिमी ब्रॉडगेज एचओमध्ये १९ मिमीच्या थोडं वर जातं. म्हणजे समोरून बघितलं तर चाकं आत गेलेली दिसतात, इंजिन अरुंद पायांवर उभं वाटतं. ज्यांना शोकेसमध्येच ठेवायचंय त्यांनी लांब अ‍ॅक्सल करून घ्यावेत, सातपूर-अंबडला लेथवाले आहेत, दोन-चार तुकडे करून देणारा मिळतो. ज्यांना लेआउटवर चालवायचंय त्यांनी १६.५ वरच राहावं आणि चाकांची आतली बाजू, चेसिसची आतली बाजू गडद राखाडी करावी, म्हणजे ती फट डोळ्यात येत नाही. मी चालवणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

चेसिस दुसऱ्या इंजिनाचं वापरलं तर चालेल का?

चालतं, बहुतेकांना तेच करावं लागतं. पण डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीतली तीन चाकं सारख्या अंतरावर नाहीत हे लक्षात ठेवा, ती ट्रायमाउंट बोगी आहे, एक गाळा मोठा आणि एक लहान. अमेरिकन अल्को मॉडेलमधलं ट्रायमाउंट चेसिस मिळालं तर बरंचसं जमून येतं. डब्ल्यूडीजी-३ए आणि डब्ल्यूडीएम-३डी ची बोगी वेगळी, तिथे अंतरं सारखी. डब्ल्यूडीएम-२ च्या बॉडीखाली सारख्या अंतराची बोगी असेल तर जाणकार माणूस पाच फुटांवरून ओळखतो, मग वर कितीही सुंदर रंग असू दे.

बजेट कमी आहे, कुठल्या डिटेलवर आधी खर्च करू?

हँडरेल बदला, मग बफर बीम, मग जाळ्या. या क्रमाने. बाकी नंतर.

हँडरेलसाठी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जा आणि २८ गेजची तांब्याची वाइंडिंग वायर मागा, ती ०.३७ मिमीच्या आसपास भरते, म्हणजे खऱ्या इंजिनावरचा ३२ मिमीचा पाइप. वजनावर देतात आणि थोडी घेतली तर खूप वर्षं पुरते. वायर आधी ताणून सरळ करायची, एक टोक पकडीत, दुसरं पक्कडीत आणि एक हलका झटका. वरचं इनॅमल ब्लेडने खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. तांबं मऊ असतं, हात लागला की वाकतं, ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी गिटारची दुसरी तार घ्यावी, ती स्टीलची आणि साधारण तेवढीच, फक्त वाकवायला त्रास देते.

बफर बीमवर पाइप पूर्ण लावा. बीपी (ब्रेक पाइप) आणि एफपी (फीड पाइप) हे दोन होसपाइप, त्यात बीपीला हिरवा आणि एफपीला पांढरा रंग. जुन्या काळातलं इंजिन करताय तर व्हॅक्यूमचा जाड पाइप हवा. कॅटल गार्डवरचे पट्टे फोटो बघूनच काढा, प्रत्येक शेडचा हात वेगळा. रेडिएटरच्या जाळीला एच्ड पितळ (अ‍ॅसिडने कोरलेला पातळ पत्रा) मिळालं तर उत्तम, नाहीतर चहाच्या गाळणीची बारीक स्टीलची जाळी कापून लावा, ती खूप बारीक विणीची बघून घ्या.

बॉडी थ्रीडी प्रिंट आहे, रेषा दिसतात

रंगाआधीच घालवायच्या, वेदरिंगने लपत नाहीत, उलट वॉश त्या रेषांत जाऊन बसतो आणि सगळं उघडं पडतं. फिलर प्रायमरचे पातळ हात, मध्ये ६०० आणि मग १००० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून. दारांच्या कडा घासल्या जाऊ देऊ नका.

रंगाची हुबेहूब शेड कशी मिळवायची?

हार्डवेअरच्या दुकानात खऱ्या इंजिनाचीच शेड मिळाली तरी ती तशीच मारू नका. एवढ्या लहान वस्तूवर खरा रंग जास्त गडद दिसतो, त्यात थोडा फिका राखाडी किंवा क्रीम मिसळा. पांढरा मिसळलात तर लाल-मरून लगेच गुलाबी होतो, ते टाळा, अपवाद फक्त उन्हाने उडालेल्या इंजिनाचा. शुद्ध काळा कुठेच नाही, अंडरफ्रेमलासुद्धा गडद राखाडी. आणि ज्या उजेडात मॉडेल ठेवणार त्याच उजेडात शेड ठरवा, पांढऱ्या एलईडीखाली जमलेला रंग पिवळ्या दिव्याखाली वेगळाच दिसतो.

देवनागरी अक्षरांचे डिकल कुठे मिळतात?

तयार मिळण्याची वाट बघू नका, स्वतः करा. वॉटरस्लाइड पेपर (ज्यावरचं छापलेलं पाण्यात भिजवून सरकवून चिकटवता येतं, तेच डिकल) घ्या, फोटोतलं लिखाण जसंच्या तसं काढा, त्यात टिंब कुठे, मात्रेचा झोक कसा हेही, कारण शेडमधल्या पेंटरने हाताने रंगवलेलं असायचं आणि कॉम्प्युटरचा फॉन्ट लावला की ते लगेच कळतं. घरातला प्रिंटर पांढरा छापत नाही. म्हणून पांढरी किंवा क्रीम अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या पेपरवर मागचा बॉडी कलर छापून अक्षरं कोरी सोडायची, किंवा पांढरा टोनर असलेला प्रिंटर शोधायचा. इंकजेटची प्रिंट असेल तर पाण्यात टाकायच्या आधी क्लिअरचे (पारदर्शक लॅकरचे) दोन-तीन पातळ हात मारा, नाहीतर शाई पसरते.

डिकल नेहमी ग्लॉसवर (चकचकीत थरावर) लावा. मॅट रंगावर लावलं की खाली हवा अडकते आणि चंदेरी चकाकी येते. मायक्रो सोलसारखं सॉफ्टनर लावलं की डिकल रिव्हेटवर, दाराच्या फटीत नीट बसतं, त्या वेळी ते सुरकुततं, घाबरू नका आणि हात लावू नका, सुकलं की सपाट होतं.

वेदरिंगचा क्रम काय?

बॉडीचा रंग, ग्लॉस, डिकल, परत एक क्लिअरचा हात, आणि इथे एक दिवस थांबा. मग फटींमध्ये पातळ वॉश, मग उन्हाने उडालेल्या भागाचं काम, मग ओघळ, मग मॅट, मग पावडर. सगळ्यात शेवटी ओल्या ऑइलचे चकचकीत डाग, कारण ते मॅटखाली गेले की मेले.

वॉशसाठी महागडी बाटली लागतेच असं नाही. आर्टिस्ट ऑइल कलरची बर्न्ट अंबर आणि काळ्या रंगाची ट्यूब घ्या, पुठ्ठ्यावर थोडा रंग काढून तासभर ठेवा म्हणजे जादा तेल पुठ्ठा शोषून घेतो, मग टर्पेंटाइनमध्ये विरघळवा. खाली अ‍ॅक्रिलिक पूर्ण सुकलेलं आणि क्लिअरने बंद असलं पाहिजे. पूर्ण बॉडीवर फासू नका, बारीक ब्रशचं टोक फक्त फटीला टेकवा, वॉश आपोआप धावत जातो.

ऑइलचे ओघळ खरे का वाटत नाहीत?

कारण सगळे ओघळ एकाच वेळी, एकाच रंगाने काढलेले असतात. डिझेल टाकीचं तोंड घ्या उदाहरणाला. इंधन भरताना थोडं सांडतंच, टाकीच्या अंगावरून खाली जातं. त्याच्यावर धूळ बसते, ती चिकटते, सुकून मळकट तपकिरी होते. पुढच्या वेळी परत सांडतं, पण त्याच वाटेने नाही, जरा बाजूने. असं होत होत तिथे तीन थर दिसतात: सगळ्यात बाहेर रुंद, फिका, मातीच्या रंगाचा पट्टा, त्याच्या आत गडद तपकिरी आणि मधोमध एक-दोन बारीक, काळपट, ओली रेघ जी उजेडात चमकते. मॉडेलवर तेच करायचं. पहिला पट्टा पातळ ऑइल कलरने, कोरड्या सपाट ब्रशने खाली ओढून जवळजवळ पुसून टाकायचा. तो सुकल्यावर दुसरा, अरुंद. आणि अगदी शेवटी काळ्या-तपकिरीत ग्लॉस मिसळून एकच केसासारखी रेघ. टाकीच्या खालच्या कडेला जिथे थेंब लटकतो तिथे एक ठिपका. एवढं एक ठिकाण मन लावून केलं तरी बाकी इंजिनाला विश्वासार्हता येते.

लाँग हूडच्या दारांखाली ल्यूब ऑइलचा प्रकार वेगळा, तिथे रनिंग बोर्डवर (कडेने चालायच्या पट्टीवर) काळपट, पसरलेला डाग असतो आणि त्यावर लोकांच्या बुटांनी मधली वाट घासून उजळ झालेली असते.

धुळीचा रंग कुठला घ्यायचा? बाटलीवर "रेल डस्ट" लिहिलेला घेतला

तो परदेशातल्या रेल्वेचा आहे, आपल्याला मिसळावा लागेल. आपल्याकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट, खडी काळपट राखाडी, शेतातली माती काळी, सुकली की करडी-तपकिरी. त्यामुळे मनमाड-दौंडकडे फिरणाऱ्या इंजिनाच्या खालच्या भागावर राखाडीकडे झुकणारी धूळ. कोकण रेल्वेवर जास्त फिरणारं इंजिन करताय तर जांभ्याची लाल माती, पावसाने शिंपडलेली, पार कॅबच्या पायऱ्यांपर्यंत. एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडच्या कोळशाच्या गाड्यांचं असेल तर काळी कोळशाची भुकटी. सिमेंट सायडिंगवाल्याचं असेल तर छतावर पांढरट थर.

याच्यावर ब्रेकची धूळ. बिडाच्या ब्रेक ब्लॉकची भुकटी गंजते, म्हणून बोगी आणि ब्रेक रिगिंग गंजकट तपकिरी. कसारा घाटासारख्या १:३७ च्या उतारावर ब्रेक किती लागत असतील विचार करा, घाटात काम करणाऱ्या इंजिनांची बोगी जास्त तपकिरी ठेवायला हरकत नाही.

पावडरसाठी सॉफ्ट पेस्टलचे खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा. ऑइल पेस्टल नको, ते भुकटी होत नाहीत.

गंज किती दाखवू?

तुम्ही ठरवलंय त्याच्या एक चतुर्थांश. चालू इंजिन शेडमध्ये नियमित जातं, धुतलं जातं, टचअप होतं. बॉडीवर गंजाचे मोठे पोपडे असलेलं इंजिन म्हणजे स्क्रॅपच्या लाइनीत उभं असलेलं, तसं करायचं असेल तर जरूर करा, पण मग त्याला एक्सप्रेस जोडू नका. गंज दिसतो तो पायऱ्यांच्या कडांवर, बॅटरी बॉक्सच्या कोपऱ्यात, आणि सीबीसी कपलरवर (डबे जोडणाऱ्या मधल्या आकड्यावर). कपलरचं अंग गंजकट तपकिरी आणि नकलची (त्याच्या उघडझाप होणाऱ्या जबड्याची) आतली बाजू, जिथे दुसरं नकल घासतं, तिथे स्टीलची चमक, मऊ पेन्सिलचं शिसं बोटाने चोळलं की हुबेहूब येते. बफरच्या तोंडावर मधोमध ग्रीसचा काळा गोल. चाकांचा रुळावर चालणारा भाग चकचकीत, बाकी चाक मळकट.

छतावर काजळी कशी?

अल्को म्हटलं की धूर आलाच, ड्रायव्हरने नॉच (शक्तीची पायरी) वाढवला की टर्बो वेग पकडेपर्यंत काळा लोट. म्हणून धुराड्याभोवती दाट आणि दोन्ही दिशांना फिकी होत जाणारी, कारण ही इंजिनं दोन्ही बाजूंनी चालतात. एअरब्रशने फार पातळ गडद राखाडी, थर थर. काळ्या पावडरनेही होतं, मऊ ब्रशने लांबीला ओढा. डब्ल्यूडीजी-४ सारख्या ईएमडी (दुसरी अमेरिकन कंपनी) इंजिनाला एवढी काजळी नको, त्यांचं टू-स्ट्रोक इंजिन अल्कोसारखं धुमसत नाही.

मॅट मारल्यावर पावडर गायब झाली

होते, नेहमीच. ओल्या स्प्रेने पावडर विरघळल्यासारखी दिसते. पावडर मॅटच्या वर ठेवा आणि मॉडेल खालून, चेसिसला धरून उचला. हाताळावंच लागणार असेल तर ब्रशने पावडर ठेवून कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब टेकवा, तो आत झिरपून पावडर बसवतो.

पावसाळ्यात स्प्रे मारला तर पांढरं पडतं

हवेतला दमटपणा. लॅकर आणि स्प्रे कॅन जून ते सप्टेंबर शक्यतो नकोच, त्या दिवसांत हँडरेल, सोल्डरिंग, डिकलचं डिझाइन ही कामं काढा. आपल्या नाशिकची थंडी कोरडी असते, तेव्हा दुपारी, उन्हं असताना मारा, पहाटेच्या गारठ्यात नाही. एप्रिल-मे मध्ये उलटा त्रास, अ‍ॅक्रिलिक नोझलच्या टोकावरच सुकतं, रिटार्डरचे (सुकणं लांबवणाऱ्या द्रव्याचे) दोन थेंब टाका. खिडकी उघडी, तोंडाला व्हेपर कार्ट्रिजचा मास्क, कापडी मास्क नाही.

काका, माझा मुलगा आठवीत आहे, त्याला एअरब्रश घेऊन देऊ का?

एवढ्यात नको ताई. त्याला सॉफ्ट पेस्टल, दोन मऊ ब्रश आणि एक जुनी मालगाडीची वाघीण द्या. वाघिणीवर कितीही घाण केली तरी ती खोटी वाटत नाही, आणि हात बसतो. पाण्यात विरघळणारे रंग वापरा, टर्पेंटाइन आणि कटरचं काम तुम्ही जवळ असताना.

वेदरिंगनंतर इंजिन अडखळत चालतंय

चाकांवर किंवा करंट घेणाऱ्या पत्र्यांवर क्लिअर गेलंय. वेदरिंगच्या आधी बॉडी चेसिसवरून काढायची, बोगीच्या साइडफ्रेमही वेगळ्या करायच्या, चाकांची तोंडं रंगवताना चाक फिरवत ठेवायचं. आता झालंच असेल तर कापडाच्या पट्टीला आयसोप्रोपिल लावून रुळावर आडवी ठेवा, एका बोगीची चाकं पट्टीवर आणि दुसरीची रुळावर, करंट द्या, चाकं स्वतःच घासून निघतात. मग बाजू बदला. गिअरमध्ये पावडर गेली असेल तर मात्र उघडून, धुऊन, नवीन प्लास्टिकला चालणारं ग्रीस लावावंच लागेल.

तयार मॉडेलवर घरातली धूळ बसते, पुसायची कशी?

पुसायची नाही, पावडर जाते. कॅमेऱ्याच्या ब्लोअरने उडवा, आणि काचेच्या केसमध्ये ठेवा. केसच्या तळाला सिलिका जेलची पुडी टाका, पावसाळा संपला की ती बदला. थेट उन्हात ठेवू नका, तुम्ही काढलेला उडालेला रंग पुरेसा आहे, त्यात आणखी भर नको.